गाळणीमास्तरांचा ट्रे

आमच्या घरात चहा दोनदा गाळला जातो. एकदा मी गाळते, सगळी माणसं गाळतात तसा. मग आमचे हे कप खिडकीच्या उजेडाकडे धरतात, आत डोकावतात आणि मुकाट्याने उठून स्वतःची बारीक जाळीची गाळणी घेऊन येतात. लग्न नवं होतं तेव्हा मला तो माझ्या चहाचा अपमान वाटायचा आणि मी अबोला धरायचे. यांना तो अबोला कळतही नसे, म्हणून मग मीच सोडून दिला. पुढे लक्षात आलं, माणूसच असा घडलाय. नळाच्या तोंडाला फडकं, पिठाला दोन चाळण्या, आणि मी कितीही तावातावाने भांडले तरी त्यातली सोयीची दोन-चार वाक्यं तेवढी यांच्यापर्यंत पोचतात. बाकीची वरच्या वर अडकतात.

वर आमचं घर आणि खाली यांचं गॅरेज. सकाळी जिना उतरून गेलेला माणूस जेवायला वर येतो, तोही दोनदा हाका मारल्यावर. यांना सगळी कामं येतात, ब्रेक, क्लच, काय म्हणाल ते. पण खरी माया डिझेलच्या फिल्टरवर. म्हणून ड्रायव्हर लोकांनी यांचं नाव गाळणीमास्तर ठेवलंय. यांना त्या नावाचा राग येत नाही. मला सुरुवातीला यायचा, कारण त्या हिशेबाने मी गाळणीमास्तरीण झाले.

इतकी वर्षं ऐकून ऐकून मलाही तो फिल्टर पाठ झालाय. टाकीतलं डिझेल इंजिनात जायच्या आधी एका डब्यातून जातं. डब्यात घड्या घातलेला कागद असतो. कचरा कागदावर अडकतो, पाणी डब्याच्या तळाशी बसतं आणि चांगलं डिझेल पुढे जातं. तळाचा स्क्रू अधूनमधून सैल करून ते पाणी सोडायचं असतं, आणि कागद भरला की डबाच बदलायचा असतो. लोक दोन्ही करत नाहीत. मग गाडी चढावर धापा टाकायला लागते आणि लोक इंजिनाला शिव्या देतात.

हे फिल्टर बदलतात तेव्हा बघत राहावं. आधी आजूबाजूची धूळ पुसून काढतात, नव्या बाळाला ठेवायची जागा पुसावी तशी. जुना डबा फिरवून काढला की त्याची रबरी रिंग त्याच्याबरोबर आली की वरच चिकटून राहिली, हे बोट फिरवून बघतात. जुनी रिंग वर राहिली आणि तिच्यावर नवी बसली की गळती ठरलेली. नव्या रिंगेला डिझेलचं बोट लावायचं, डबा हातानेच आवळायचा, पान्हा लावायचा नाही. आणि नव्या डब्यात कॅनमधून डिझेल ओतून तो भरायचा नाही, कारण मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल न गाळताच इंजिनाकडे जातं. बरेच मेकॅनिक घाईत हेच करतात. हे वरचा हातपंप दाबत बसतात, आत अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघून जाईपर्यंत, पंप हाताला कडक लागेपर्यंत. अंगठा दुखतो, पण यांना घाई नावाची गोष्ट माहीत नाही.

पण यांची खरी खोड पुढे आहे. काढलेला फिल्टर सगळे भंगारात टाकतात. हे तो कापतात. आतला कागद काढून त्याच्या घड्या उलगडतात, एका पांढऱ्या इनॅमलच्या ट्रेमध्ये पसरतात आणि गाडीच्या मालकाला बोलावतात. तांबडा कचरा असेल तर तुमची टाकी आतून गंजतेय. पाणी असेल तर झाकण नीट बसत नाही. वाळू असेल तर तुम्ही रस्त्याकडेच्या पिंपातून डिझेल घेता, नाही म्हणू नका. यांचं म्हणणं एकच, ज्याचा कचरा त्याला दाखवायचा. दाखवला नाही तर तो माणूस पुन्हा तेच करतो. लोक संकोचतात. एक ड्रायव्हर तर म्हणाला होता, मास्तर, जरा झाकून ठेवा, लोक बघतायत. माझ्या सख्ख्या भावालाही यांनी तो ट्रे दाखवला होता. तो हल्ली दुसरीकडे जातो.

या माणसाला जगात एकाच व्यक्तीची भीती आणि एकाच व्यक्तीचं कौतुक, ती म्हणजे यांची ताई, माझ्या वन्सं. आई लवकर गेली, तेव्हा या भावाला वन्संनीच न्हाऊमाखू घातलं, शाळेत पाठवलं, शाळा चालत नाही म्हटल्यावर गॅरेजात घातलं. अजूनही त्या आल्या की हे हात धुऊन समोर उभे राहतात. खालच्या वस्तीत वन्संची लॉन्ड्री आहे. वरच्या भागातल्या इस्पितळाच्या आणि दोन-तीन लॉजच्या चादरी, अभ्रे, टॉवेल त्यांच्याकडे धुवायला येतात. गाडी त्यांचे यजमान चालवायचे. ते गेल्यावर सगळ्यांना वाटलं, लॉन्ड्री बंद होणार. वन्सं पन्नाशी ओलांडलेल्या. त्या सरळ गॅरेजात आल्या आणि म्हणाल्या, मला शिकव. यांनी शिकवलं. बाजारामागच्या मोकळ्या जागेत वन्सं ती जुनी व्हॅन घेऊन गोल गोल फिरायच्या आणि हे शेजारून पळायचे.

तेव्हापासून रोज सकाळी ती व्हॅन आमच्या गॅरेजसमोरून चढ चढून वर जाते. मागे धुतलेल्या चादरींचे गठ्ठे, पुढे वन्सं, ताठ बसलेल्या, दोन्ही हात स्टिअरिंगवर. त्या गाडीवर बसल्या की मला त्या दहा वर्षांनी लहान दिसतात. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. त्यावर त्या म्हणाल्या, मग उतरूच नको का मी?

आमच्या दोघींत एक जुनी थट्टा आहे. लग्नाआधी मी अभ्र्यांची एक जोडी शिवली होती, कोपऱ्यात निळं फूल भरलेली. भरतकामात माझी मजल त्या एका फुलापर्यंतच गेली, म्हणून तिचं जास्तच कौतुक. त्यातला एक अभ्रा काही वर्षांपूर्वी नाहीसा झाला. मी घर पालथं घातलं, मिळाला नाही. तेव्हापासून वन्सं आल्या की मी म्हणते, तुमच्या लॉन्ड्रीने माझा अभ्रा गिळला. त्या म्हणतात, माझ्याकडे आलाच नव्हता, चोर घरात शोध. हे तेव्हा पेपर वाचत असतात.

तर ही व्हॅन मध्यंतरी चढावर बंद पडायला लागली.

पहिल्यांदा बंद पडली तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. थोडा वेळ थांबल्यावर आपोआप सुरू झाली आणि वन्सं वर गेल्या. संध्याकाळी यांनी फिल्टर बदलला, जुना कापला, ट्रेमध्ये पसरला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. कागद जवळजवळ स्वच्छ होता. वन्सं म्हणाल्या, काय रे, माझा कचरा कमी पडला का तुला?

दुसऱ्यांदा गाडी बंद पडली ती वळणावर. मागून एक ट्रक येत होता आणि त्याने अगदी हातभर अंतरावर ब्रेक मारला. नेमका त्याच वेळी वन्संचा मुलगा, आमचे भाचेबुवा, कामावर जायला बसमधून चालले होते. त्यांनी खिडकीतून ते बघितलं. भाचा वाईट नाही, उलट फारच चांगला आहे, आणि चांगल्या माणसांशी भांडता येत नाही ही मोठी पंचाईत असते. त्याने आईसाठी स्वतःच्या घरात एक खोली कधीची तयार ठेवलीय, पडद्यांसकट. त्या दिवशी तो तिच्यासमोर बसून रडला. म्हणाला, बाबा गेले, आता तुला असं रस्त्यात बघायचं नाही मला. लॉन्ड्री बंद करू, गाडी विकू. बरीच बोलाचाली झाल्यावर ठरलं ते असं, गाडी चढावर आणखी एकदा बंद पडली तर वन्संनी चावी त्याच्या हातात द्यायची. वन्संनी शब्द दिला. आणि शब्द दिला की त्या मोडत नाहीत, हे आम्ही सगळे जाणून होतो.

यांच्या तोंडचं पाणी पळालं. गाडी दोन दिवस गॅरेजात ठेवून घेतली. पुन्हा नवा फिल्टर घातला, रिंगा बघितल्या, नळ्या काढून फुंकल्या, पंप तपासला. मग टाकी काठोकाठ भरून हे स्वतः चढ चढून गेले आणि उतरून आले, दोनदा. गाडी हरणासारखी पळाली. यांनी वन्संना निरोप दिला, आता काळजी नाही.

त्यानंतर आठवडाभरात, गठ्ठ्यांनी भरलेली गाडी अर्ध्या चढावर बंद पडली.

वन्संनी ती सुरू व्हायची वाट बघितली, इस्पितळात चादरी पोचवल्या, कारण तिथे माणसं वाट बघत होती, आणि परत येऊन चावी मुलाच्या टेबलावर ठेवली. संध्याकाळी गाडी गॅरेजात आली. त्याने मामाला फक्त एवढंच सांगितलं की रविवारी गाडी बघायला कुणीतरी येणार आहे, तेवढी पुसूनपासून ठेवा.

दुसऱ्या दिवशी वन्सं आमच्याकडे आल्या. चालत. मी चहा ठेवला. त्या खुर्चीत बसल्या, हात मांडीवर, आणि खिडकीतून चढाकडे बघत राहिल्या. चहा गार झाला. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी उठून मी करू काय, तेवढं सांग."

मी त्यांचा गार झालेला चहा उचलून पुन्हा गरम करायला ठेवला. हे जिन्यात उभे होते, वरही येईनात आणि खालीही जाईनात. मला त्या दिवशी यांचा फार राग आला आणि दयाही तितकीच आली. जगाचा कचरा उजेडाला धरणारा माणूस, आणि स्वतःच्या बहिणीची गाडी का थांबते ते सांगता येत नाही.

वन्सं गेल्यावर दुपारचं जेवण तसंच ताटात टाकून हे खाली गेले. बऱ्याच वेळाने मीही गेले. व्हॅन मध्यभागी उभी, सगळे भाग सुटे करून फडक्यावर मांडलेले, आणि हे बाजूला स्टुलावर बसून त्यांच्याकडे बघतायत. माझ्याशी की स्वतःशी कुणास ठाऊक, बोलायला लागले. फिल्टरमध्ये कचरा असता तर गाडी थांबल्यावर तो कुठे पळून जाईल? तो तिथेच राहणार. मग गाडी थोडी विश्रांती घेऊन पुन्हा सुरू कशी होते? म्हणजे अडवणारी वस्तू येते आणि जाते. जोर लागला की येते, जोर संपला की बाजूला होते. मी टाकी भरून नेली तेव्हा नाही आली, ताई कमी डिझेलवर भरलेले गठ्ठे घेऊन गेली तेव्हा आली.

मला इंजिनातलं काही कळत नाही, पण मांडलेल्या वस्तू मोजता येतात. मी म्हटलं, "सगळं काढलंत. टाकी राहिली."

"टाकीत काही जाऊच शकत नाही."

"का नाही जाऊ शकत?"

"तिचा बंदोबस्त मी केलाय."

"कसला बंदोबस्त?"

  यांनी हातातला पान्हा हळूच खाली ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात मी यांचा चेहरा असा उतरलेला बघितला नव्हता. मी पुन्हा विचारलं, कसला बंदोबस्त, तर हे उठून सरळ गाडीखाली शिरले.

टाकी उतरवायला मीच हातभार लावला. डिझेलचा काटा जिथे बसवलेला असतो ते तोंड उघडलं, मी उजेडासाठी बॅटरी धरली, यांनी तारेचा आकडा करून आत फिरवला. दोन-तीनदा काहीच नाही. मग आकड्याला काहीतरी लागलं आणि ओघळत वर आलं. एक काळपट फडकं. तळहाताएवढं, पिशवीसारखं, एखाद्या कापडाचा कोपरा कापून घ्यावा तसं. यांनी ते पिळलं आणि ट्रेमध्ये पसरलं. मी बॅटरी जवळ नेली. कोपऱ्यात निळं फूल होतं. निळं म्हणजे आता कुठल्याच रंगाचं नाही, पण टाके माझे होते. स्वतःचे वाकडे टाके माणूस विसरत नाही.

मग सगळं बाहेर आलं. वन्सं नव्यानेच गाडी चालवायला लागल्या होत्या तेव्हाची गोष्ट. ताईची गाडी, ताई बिचारी नवशिकी, वाटेत कुठलंही डिझेल भरेल, कचरा जाईल, गाडी चढावर थांबेल. या भीतीने यांनी टाकीच्या तोंडात, आत खोल, एक गाळणी बसवली. दुकानातली जाळी यांना जाड वाटली. कापड हवं होतं, दाट विणीचं, म्हणून हाताला लागला तो अभ्रा घेतला, त्याचा कोपरा कापला, तारेच्या कड्यावर शिवला. उरलेल्या अभ्र्याने गाड्या पुसल्या. पहिली एक-दोन वर्षं आठवणीने काढून धुतलं. मग विसरले. तार गंजून तुटली आणि फडकं टाकीत पडलं. टाकीत डिझेल कमी असलं आणि चढावर इंजिन ते जोराने ओढायला लागलं की फडकं नळीच्या तोंडावर जाऊन बसायचं. गाडी थांबली की सुटायचं. अडथळा टाकीतच होता, फिल्टरपर्यंत काही पोचतच नव्हतं, म्हणून कागद स्वच्छ. अति तिथे माती म्हणतात ती अशी.

खरं सांगते, मला आधी हसू आलं आणि नंतर भीती वाटली. ट्रकचं ते हातभर अंतर डोळ्यांसमोर आलं. यांच्याही आलं असणार, कारण हे खाली जमिनीवरच बसले होते. मी म्हटलं, जाऊ दे, हे कुणाला दिसलेलं नाही. टाकीत कचरा होता, काढला, एवढंच सांगू. ते काही खोटं नाही. माझ्या नवऱ्याची मान खाली गेलेली मला बघायची नव्हती, भले नवरा त्याच लायकीचं वागला असो.

यांनी मान हलवली. म्हणाले, "टाकीत कचरा होता म्हटलं की भाचा म्हणणार, गाडी जुनी झाली, विका. दोष गाडीवर जाईल. नाहीतर ताईवर जाईल." मग ट्रे उचलून म्हणाले, "चल."

ट्रे तसाच हातात धरून हे भर रस्त्याने चालत खालच्या वस्तीत गेले. मी मागे. वाटेत दोन-तीन ड्रायव्हरांनी विचारलं, मास्तर, कुणाचा? हे थांबले नाहीत.

लॉन्ड्रीत इस्त्र्या बंद होत्या. वन्सं शेवटचे टॉवेल घडी करत होत्या आणि भाचा रिकाम्या कपाटांची दारं बंद करत होता. यांनी ट्रे घडीच्या टेबलावर, स्वच्छ टॉवेलांच्या शेजारी ठेवला. वन्संना एरवी ते खपलं नसतं.

"ताई, गाडी चांगली आहे. तुझं चालवणंही चांगलं आहे," हे म्हणाले. "हा कचरा माझा आहे. मीच घातला होता."

आणि सगळं सांगितलं, काही न गाळता. भाच्याकडे वळून हेही सांगितलं की त्या दिवशी ट्रक लागला असता तर तो माझ्यामुळे लागला असता. भाच्याने त्या फडक्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज ताब्यात होता. त्याने विचारलं, "मामा, आता गाडी पुन्हा बंद पडणार नाही?"

दुसरा कुणी असता तर अशा वेळी हो म्हणाला असता. हे म्हणाले, "कधीतरी पडेल. यंत्र आहे ते. पण या कारणाने नाही. आणि टाकी आता दर वर्षी तू माझ्यासमोर उघडून बघायची, माझ्या शब्दावर राहायचं नाही."

 वन्संनी ट्रे जवळ ओढला, चष्मा लावला, ते फूल बोटाने चाचपलं आणि माझ्याकडे बघितलं. "अगं," त्या म्हणाल्या, "तुझा अभ्रा माझ्याच गाडीने गिळला होता की." आणि त्या अशा हसायला लागल्या की त्यांना टेबल धरावं लागलं. हसता हसता भावाच्या डोक्यावर एक टपली मारली, चांगली सणसणीत, पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या डोक्यावर. "लहानपणीही असंच करायचा हा. माझ्या दुधात माशी पडू नये म्हणून वर स्वतःचा रुमाल टाकायचा. शेंबडा."

भाचाही हसला. मग त्याने खिशातून चावी काढली आणि म्हणाला, एकदा मला घेऊन जा वर, भरलेली गाडी, कमी डिझेल. यांनी रात्रभर बसून गाडी जोडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघं गेले. आम्ही गॅरेजच्या दारात उभे होतो. व्हॅन समोरून गेली, वन्सं ताठ, भाचा शेजारी दाराची मूठ घट्ट धरून. वळणावर आवाज जड झाला, आणि यांनी माझा हात धरला, जे हे रस्त्यात कधी करत नाहीत. मग आवाज मोकळा झाला आणि माथ्यावरून पलीकडे गेला. इस्पितळात भाच्याने म्हणे स्वतः गठ्ठे उतरवले. खाली आल्यावर चावीचा विषय कुणी काढला नाही. ती वन्संच्या खिशात गेली, आणि रविवारी गाडी बघायला येणाऱ्या माणसाला भाच्यानेच येऊ नका म्हणून सांगितलं.

आठवड्याने वन्संनी ते फडकं आणून दिलं. धुतलेलं, कडक इस्त्री केलेलं, बाकीच्या गिऱ्हाइकांचे कपडे देतात तशा कागदी पुड्यात. फूल थोडं निळं झालं होतं. उशिराबद्दल माफी असावी, म्हणाल्या. मी ते उशाशी ठेवणार होते, पण यांनी मागून घेतलं आणि खाली गॅरेजात, ट्रे ठेवतात त्याच्या वर खिळ्याला अडकवलं.

परवा एक नवा ड्रायव्हर आपल्या फिल्टरमधला कचरा बघून खवळला. म्हणाला, मास्तर, तुम्हाला दुसऱ्यांची घाण दाखवायला फार आवडतं. मी जिन्यात होते, मला वाटलं आता वाजणार. हे शांतपणे खिळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तो माझा." आणि त्याला पहिल्यापासून सांगायला बसले. मधेच समोरून लॉन्ड्रीची व्हॅन चढाला लागली. हे बोलता बोलता थांबले, तिचा आवाज माथ्यावरून पलीकडे जाईपर्यंत. मग मला हाक मारून दोन कप चहा मागितला, आणि मी नेला तो न बघताच प्यायले.